निनावी चौकटींविरुद्ध

मी स्वभावाने भांडखोर नाही. टपालखात्याच्या खिडकीमागे ज्याने एकोणचाळीस वर्षे काढली त्याला भांडण परवडत नाही. खिडकीपुढची रांग वाढते. १९७२ साली मी नोकरीला लागलो आणि २०११ साली निवृत्त झालो. एवढ्या काळात माझ्या हातांखालून किती फॉर्म गेले याची मोजदाद मी ठेवलेली नाही. पण फॉर्म या वस्तूविषयी चार शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो. त्या अधिकाराच्या जोरावर आज मी भांडण उकरून काढीत आहे. ते आहे संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावरील अर्जांशी. अधिक नेमके सांगावयाचे तर त्या अर्जांतील कोऱ्या चौकटींशी, आणि त्या आखणाऱ्या व आखवून घेणाऱ्या मंडळींशी.

निमित्त घडले ते २०२५च्या जून महिन्यात. माझी भाची जन्मांध आहे. ती एम.ए. आहे आणि संगणक माझ्यापेक्षा दसपट सफाईने चालवते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी 'एनव्हीडीए' नावाची आज्ञावली तिच्या संगणकावर आहे. मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने ती २००६ साली लिहावयास घेतली. पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. त्यांनी ती जगाला फुकट दिली आहे. तेव्हा साधन नव्हते, असे कोणी म्हणू नये. साधन होते, ते चालविणारी माणसे शहाणी होती. नव्हता तो फक्त शहाणा अर्ज.

अर्ज होता एका नोकरीचा. कोणत्या कार्यालयाचा ते मी सांगत नाही; माझे भांडण एका कार्यालयाशी नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, जरा येऊन जाता का? तुम्हाला काही करायचं नाही. चौकटीवर काय लिहिलंय तेवढं फक्त वाचा." मी गेलो. ती टॅबची कळ दाबी आणि संगणक बोले, "एडिट, ब्लँक." म्हणजे, लिहिण्याची जागा, रिकामी. पुन्हा टॅब, पुन्हा "एडिट, ब्लँक." अशा सव्वीस चौकटी, आणि सव्वीसही निनावी! डोळसाला प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर नाव दिसत होते. पण ते नाव आणि ती चौकट यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्या पानाच्या पोटात कोणी लिहूनच ठेवले नव्हते.

मी खुर्ची ओढून बसलो आणि वाचू लागलो. आडनाव. जन्मतारीख. अपंगत्वाची टक्केवारी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न. बँकेचा खातेक्रमांक. 'संगणकाचे ज्ञान आहे काय?' हाही एक प्रश्न होता. तो वाचताना मला हसू आले, तिला आले नाही. त्यानंतरचा प्रश्न असा होता : 'यापूर्वी नोकरीवरून कमी करण्यात आले होते काय? असल्यास कारण.' ती थांबली. मग तिने उत्तर लिहिले. मी शेजारीच बसलो होतो. ते मला दिसले. घरात कोणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट मला त्या संध्याकाळी कळली. ती कोणती, हे मी कोणाला सांगितलेले नाही आणि येथेही सांगणार नाही. ती कळण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता, एवढेच सांगतो.

माझ्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या १८९८च्या कायद्याप्रमाणे टपालखात्याच्या नोकराने परक्याचे पत्र फोडणे हा गुन्हा होता. माझ्या हातून तो गुन्हा कधी घडला नाही. आणि निवृत्तीनंतर चौदा वर्षांनी, एका वाईट अर्जाने, माझ्या सख्ख्या भाचीचे पत्र मला फोडावयास लावले! अर्ज रात्री साडेअकराला एकदाचा गेला. उठताना ती म्हणाली, "अर्ज गेला, मामा. पण मी कुठे भरला?"

"एवढे काय झाले? कोणीतरी मदतीला असतेच की!" असे म्हणणाऱ्यांना माझे पहिले उत्तर हे आहे. मदतीला माणूस लागतो, याचा अर्थ तेथे गुप्तता उरत नाही. आपल्या मतदान यंत्रावर ब्रेलमधील आकडे कशासाठी बसविले आहेत? अंध मतदाराला सोबती नेण्याची मुभा कायद्याने आहेच की! तरीही ते बसविले, कारण स्वतःचे मत स्वतः देणे आणि दुसऱ्याकरवी देणे यांत अंतर आहे, हे आपण मान्य केले. अर्जाच्या बाबतीत ते मान्य करावयास आपण का कचरतो?

आता त्या चौकटीला नाव देण्यास काय पडते ते पाहू. मला वाटले होते, हे काही फार मोठे शास्त्र असेल. भाचीने मला ते दहा मिनिटांत शिकविले. वेबपृष्ठे ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत, १९९७ साली, 'लेबल' नावाची खूण आली. चौकटीला एक ओळखचिन्ह, म्हणजे 'आयडी', द्यावयाचा. आणि लेबलाच्या 'फॉर' या जागी तोच आयडी लिहावयाचा. झाली गाठ! आता अंधाचा संगणक 'एडिट, ब्लँक' न म्हणता 'आडनाव, एडिट, ब्लँक' म्हणेल. आणखी एक गंमत. ही गाठ मारली की नावावर बोट टेकले तरी चौकट जागी होते. 'होय' आणि 'नाही' यांच्यापुढची ती ज्वारीच्या दाण्याएवढी वर्तुळे! माझ्या कापऱ्या बोटाला ती सापडत नाहीत; पण 'होय' हा शब्द सापडतो. अंधासाठी केलेली एक ओळ म्हाताऱ्याच्याही कामी येते. आणि ही ओळ लिहावयाचे राहून जाते, ते १९९७पासून आजतागायत.

ओळ गाळणाऱ्यांपेक्षाही मला राग येतो तो सुंदरतेच्या भोक्त्यांचा. त्यांना चौकटीवरचे नाव गर्दीसारखे वाटते. म्हणून ते नाव काढून चौकटीच्या पोटात फिकट करड्या अक्षरांत घालतात. याला 'प्लेसहोल्डर' म्हणतात. पहिले अक्षर लिहिताच ते करडे नाव नाहीसे होते. मध्येच दार वाजले, उठून गेलो, परत आलो, की या चौकटीत काय लिहीत होतो ते आठवावयाचे! शिवाय तो करडा रंग! मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढे अंतर असावे, असे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सांगतात. त्याहून मोठ्या अक्षरांना थोडी सूट आहे. मोतीबिंदू झालेल्याला पांढऱ्यावरचे करडे म्हणजे कोरेच. आणि प्लेसहोल्डर हा लेबलाचा पर्याय म्हणून वापरू नये, असे खुद्द एचटीएमएलच्या नियमग्रंथात लिहिलेले आहे. तेव्हा हे सौंदर्य कोणाचे? अर्ज हा चित्रप्रदर्शनात टांगण्याचा ऐवज नव्हे. तो पाहून दाद द्यावयाची नसते, तो भरावयाचा असतो.

माझ्या काळातील खिडकीवाले संत होते, असे मी म्हणत नाही. 'पलीकडच्या खिडकीवर जा' हे वाक्य मीही पुष्कळदा फेकलेले आहे, आणि आज त्याची लाज वाटते. पण एक गोष्ट आम्ही करीत होतो. गिरणीतला माणूस कोकणात घरी मनिऑर्डर करावयास येई. रक्कम अंकी लिहिलेली, अक्षरी राहिलेली असे. कधी गावाचे नाव असे, तालुक्याचे नसे. आम्ही फॉर्म परत सरकवून पेन्सिलीने खूण करीत असू, "इथं तालुका लिहा." तो लिही आणि काम होई. आता पडद्यावरचा अर्ज काय करतो पाहा. आपण तीस चौकटी भरतो, तळाची कळ दाबतो, आणि वर कोठेतरी तांबड्या अक्षरांत उमटते : 'अवैध माहिती.' कोणती? कोठे? का? उत्तर नाही. कधी नुसती चौकटीची कड तांबडी होते. ज्याला तांबडा-हिरवा भेद कळत नाही त्याने काय करावे? आणि पुष्कळदा भरलेले सगळे पुसून जाते. मी जर गिरणीकामगाराचा फॉर्म त्याच्या तोंडासमोर फाडून 'चूक आहे, पुन्हा आण' असे म्हटले असते, तर पोस्टमास्तरांनी मला दुसऱ्या दिवशी खिडकीवर बसू दिले नसते. संगणकाला हे वर्तन माफ का?

चूक दाखवावयाची रीत अवघड नाही. ज्या चौकटीत चूक, तिच्यालगतच शब्दांत लिहावे : 'मोबाइल क्रमांक दहा अंकी हवा, आपण नऊ अंक लिहिले आहेत.' ते वाक्य चौकटीशी असे जोडावे की आंधळ्याच्या कानावरही पडेल. बाकीचे उत्तर जसेच्या तसे राहू द्यावे. यात शास्त्र कमी आणि माणुसकीची साधी रीतभात जास्त आहे.

पुढचा मुद्दा आकड्यांचा. आधार क्रमांक बारा अंकी आहे. कार्डावर तो चार-चार अंकांच्या तीन गटांत छापतात, कारण माणसाच्या डोळ्याला बारा अंक सलग झेपत नाहीत. आता तो कार्डावर आहे तसाच, मध्ये जागा सोडून, एखाद्या अर्जात लिहून पाहा. कित्येक अर्ज तो नाकारतात! मधल्या जागा गाळून टाकणे हे यंत्राला एका ओळीचे काम. पण ते काम सत्तरीच्या माणसावर लादावयाचे. आणखी, आकडेच हवे असलेल्या चौकटीला स्पर्श केला तर मोबाइलवर आकड्यांच्या कळा याव्यात. तेही एका शब्दाने साधते. तो शब्द लिहीत नाहीत, आणि मग मी इंग्रजी अक्षरांच्या गर्दीत शून्य शोधीत बसतो.

मी नोकरीला लागलो त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, पिनकोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच, आणि वर संस्कृतचे कवी. सहा अंकांत त्यांनी सारा देश बसविला. पहिले दोन अंक पाहून आम्ही टपालाची पिशवी ठरवीत असू. चाळीस ते चव्वेचाळीस दिसले की महाराष्ट्र-गोव्याकडची. त्यासाठी कागदाच्या आंतरदेशीय पत्रावर सहा घरे छापलेली असत, आणि ती उत्तम होती : अंक किती हवेत ते न सांगता कळे. आता पडद्यावर हीच सहा घरे ओटीपीसाठी आखतात. पण सहा घरे म्हणजे सहा स्वतंत्र चौकटी, सहाही निनावी, एक अंक चुकला की मागे जाता येत नाही आणि संदेशातून उचललेला आकडा त्यांत चिकटत नाही. कागदाचा गुण दगडावर कोरला की दोष होतो, तसे हे. उलट पिनचा खरा गुण मात्र कोणी घेत नाही. मी पिन लिहिल्यावरही अर्ज मला राज्य विचारतो, आणि छत्तीस नावांची यादी खाली सोडतो. १९७२ साली आम्हा कारकुनांना जे डोक्यात ठेवता येत होते ते आज यंत्राला येऊ नये?

जन्मतारखेची कथा तर सांगण्यासारखी आहे. त्याच जूनमध्ये मी स्वतः एक अर्ज भरीत होतो. माझा जन्म जून १९५१चा. तारखेच्या चौकटीत लिहू देईनात. कॅलेंडर उघडले आणि डावीकडे एक बाण. एक दाब, एक महिना मागे. १९५१ गाठावयास किती दाब लागतील ते मी कागदावर मांडून पाहिले : चौऱ्याहत्तर गुणिले बारा, बरोबर ८८८. पुढच्या आठवड्यातील गाडीचे तिकीट काढावयास कॅलेंडर सोयीचे, हे मला मान्य आहे. पण स्वतःची जन्मतारीख माणूस कॅलेंडरात शोधीत नसतो. ती त्याला पाठ असते. तीन साध्या चौकटी द्या : दिवस, महिना, वर्ष. आणि कृपा करून लिहू द्या!

भाषेचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा. अर्ज मराठी, पण त्या पानाची भाषा मराठी असल्याची नोंद पानाच्या डोक्यावर नसेल, तर बोलणारा संगणक मराठी मजकूर इंग्रजी वळणाने वाचू पाहतो, नाहीतर मुकाट्याने सोडून देतो. ही नोंद म्हणजे अवघी दोन रोमन अक्षरे, 'एम' आणि 'आर'. शासनाने १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव आणले; ती सुधारणा मला आवडली. पण स्वतःचे नाव, आईचे, वडिलांचे आणि आडनाव अशी चार पदे लिहिणारी मुले मोठी होतील, तेव्हा त्यांच्यापुढे 'फर्स्ट, मिडल, लास्ट' अशी परदेशी मापाची तीन खणांची पेटी ठेवणार आहोत काय?

"हे सगळे थोड्या लोकांसाठी, त्यासाठी एवढा खर्च?" हा नेहमीचा आक्षेप. थोडे म्हणजे किती? २०११च्या जनगणनेत या देशात २ कोटी ६८ लाख माणसे अपंग म्हणून नोंदली गेली. त्यांपैकी सुमारे ५० लाखांना दृष्टीचे अपंगत्व होते. यात माझ्यासारखे, ज्यांचे बोट कापते, डोळा मंदावतो, स्मरण दगा देते, ते धरलेलेच नाहीत. आणि आक्षेप घेणारे गृहस्थ आज पस्तीस वर्षांचे असतील तर त्यांनी आपले नाव या यादीत पेन्सिलीने आधीच लिहून ठेवावे. खर्चाचे म्हणाल तर तो चूक आधी करून मागाहून दुरुस्त करण्याचा असतो. घर बांधतानाच उंबरा बुटका ठेवला तर गवंडी जास्त मजुरी मागत नाही.

"सुरक्षिततेसाठी" हा दुसरा आक्षेप. त्या नावाखाली वेडीवाकडी अक्षरे चित्रात दाखवून माणूसपण सिद्ध करावयास सांगतात. भाचीला ते चित्र दिसत नाही; म्हणून यंत्राच्या हिशेबी ती माणूस नाही. त्या संध्याकाळी ती अक्षरे मी ओळखली, तीही तिसऱ्या खेपेस. पासवर्ड चिकटवण्यास बंदी, हीदेखील सुरक्षितता! परिणाम असा की लोक सोपा पासवर्ड ठेवतात आणि डायरीत लिहितात. आणि अर्ध्या अर्जात 'वेळ संपली' म्हणून हाकलून देणे. चोराची भीती मी समजतो. पण वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी आणि एक कळ दाबून ती वाढवून घेण्यास निदान वीस सेकंद द्यावेत, हे मार्गदर्शकांत २००८ सालापासून लिहिलेले आहे. बँकेच्या दारावरचा पहारेकरीसुद्धा म्हातारा पायरी चढेपर्यंत दार धरतो.

कोणी म्हणेल, हा सौजन्याचा विषय आहे, हक्काचा नव्हे. त्यांनी कायदा वाचावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा. त्याखालील नियमांपैकी पंधरावा नियम नुसता शिफारशीवजा राहतो, म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायद्याशी विसंगत ठरविला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी, डोळ्यांची उघडझाप केल्यावाचून पुढे न सरकणाऱ्या डिजिटल ओळख-तपासणीच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने म्हटले की डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. ज्यांच्या पापण्याच ॲसिडने जळल्या त्यांना यंत्र सांगत होते, डोळे मिचकावा! न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच आपली शोभा झाली.

माझी मागणी मोठी नाही. कोणत्याही कार्यालयाने अर्ज प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याच्या मुख्य अधिकाऱ्याने तो स्वतः तीनदा भरावा. एकदा माऊस बाजूला ठेवून, नुसत्या टॅबच्या कळीने. एकदा पडदा काळा करून, नुसता ऐकून. तिसऱ्या खेपेस त्याने भरूच नये. आपल्या आईला किंवा वडिलांना भरावयास द्यावा आणि शेजारी तोंड मिटून बसावे. जेथे आई थांबेल तेथे अर्ज चुकला आहे, असे समजावे. आई चुकली, असे समजू नये.

आणि माझ्या वयाच्या वाचकांना एक विनंती. पडद्यापुढे अडलो की आपण लाजतो. "आम्हाला काही जमत नाही बुवा या नव्या गोष्टी," असे म्हणून नातवाकडे मोबाइल देतो. हे म्हणणे सोडा. आपण आयुष्यभर रेशनचे, शाळेचे, मनिऑर्डरचे फॉर्म भरले. अडाणी आपण नाही. पुढल्या खेपेस अर्ज अडला तर कोठे अडला ते लिहून त्या कार्यालयाला पत्र टाका. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर दुसरे टाका. मी त्या कार्यालयाला आतापर्यंत तीन पत्रे टाकली आहेत. तिन्ही रजिस्टर्ड, पोचपावतीसह. पोचपावत्या आल्या, उत्तर यावयाचे आहे. चौथे पत्र भाची लिहिणार आहे, आणि त्यात काय लिहिले ते मी वाचणार नाही.